एकवीस हजार आणि अडीच लाख

बांभोरीजवळचा गिरणेचा पूल मागे पडेपर्यंत कंडक्टर मशीनवर तिकिटं काढत मागच्या बाकांपर्यंत आला होता. जळगाव-धुळे गाडी, २०२५ च्या डिसेंबरातली सकाळ, बसायला जागा नाही.

"आधार शे का, बाबा?"

चोपड्याकडच्या मामांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. वय सदुसष्ट, म्हणजे अर्धं तिकीट. शेजारी बसलेल्या भाचीचंही अर्धं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मंच भाडं पडतं. कंडक्टर पुढे सरकला तसे मामा मान वळवून गाडीभर बघत म्हणाले, "पुरं तिकीट काढलेली दहा माणसं तरी असतील का यात? सगळं फुकटावर चाललंय."

"त्या दहांत तुम्हीही नाहीत, मामा," भाची म्हणाली.

या दोघांची नावं सांगण्यात अर्थ नाही. खानदेशातल्या कुठल्याही लग्नघरी, मंडपाच्या कडेला, अशी जोडी भेटते. मामांची सहा एकर जमीन: कापूस, मका, पाण्याच्या हिशेबानं थोडी केळी. भाची धुळे तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका. २०२४ च्या पावसाळ्यात तिनं लाडकी बहीण योजनेचे ढीगभर अर्ज भरले आणि तेव्हापासून गावात कुणाचा हप्ता अडला की बाई बँकेत जायच्या आधी तिच्या दारात येते. मामांचं म्हणणं, सरकारनं माणसं आळशी केली. भाचीचं म्हणणं, सरकारनं माणसांना कागदांच्या मागे पळवून दमवलं. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, हे त्यांच्या ध्यानात यायला पारोळा मागे पडावा लागला.

मामांचा पहिला मुद्दा मजुरांचा. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, वेचणी किलोला दहा रुपयांवर गेली तरी नाही. "घरी बसून पंधराशे येतात, मग उन्हात कोण वाकेल?"

"पंधराशे महिन्याचे आहेत, मामा. दिवसाचे पन्नास. तुमच्या शेतात एक बाई पाच किलो कापूस वेचते तेवढे. पन्नास रुपयांसाठी घरी बसणारी बाई मला तरी दिसली नाही. आमच्या गावातल्या निम्म्या पोरी सुरतेला गेल्या. उधना, लिंबायत, दिंडोलीत आपलंच गाव वसलंय. तिथं साडीला खडे लावून जे मिळतं ते कापसात मिळत नाही, म्हणून मजूर नाहीत."

इथं एक जुनी गोष्ट आठवायला हवी. सत्तरच्या दशकात रोजगार हमी आली तेव्हाही बागायतदारांची हीच तक्रार होती: सरकारी खडीवर मजूर गेले, आता आमच्या बांधावर कोण येणार? गरिबाच्या हातात मालकाशिवाय दुसऱ्या कुठून चार पैसे आले की मजुरीचा भाव हलतो. तो हलावा की नाही, हे आपण बांधाच्या कुठल्या बाजूला उभे आहोत यावर ठरतं. मामा ज्या बाजूला उभे आहेत तिथूनचा देखावाही खोटा नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला, आणि त्याच वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. वेचणीचा दर चढतोय आणि बाहेरचा कापूस बिनशुल्क येतोय, अशा वर्षी शेतकऱ्याला कुणाचंही फुकट खपणार नाही.

"मग तुमचे वर्षाचे बारा हजार?" भाचीनं विचारलं. पीएम किसानचे सहा आणि नमो शेतकरीचे सहा. वर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज एप्रिल २०२४ पासून माफ. पीकविमा २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं एक रुपयात.

"ते उपकार नाहीत, पोरी. भाव पाडतं कोण? सरकार. मग भरपाई कोण देणार?"

"अगदी बरोबर. मग मजूर बाईच्या पंधराशेलाही भरपाईच म्हणा. तिचा भाव काय कमी पाडलाय?"

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. आपल्या घरी मामीलाही लाडक्या बहिणीचे पैसे येतात हे ते बोलले नाहीत, भाचीनंही काढलं नाही. तो अर्ज तिनंच भरला होता. योजनेच्या पहिल्या आदेशात पाच एकरांची मर्यादा होती, ती आठवडाभरातच काढली गेली. चारचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालतो. त्यामुळे सहा एकरवाल्या मामींना अडचण आली नाही.

एरंडोल आलं, चार बायका उतरल्या, सहा चढल्या. मामांनी आता हुकमी पान काढलं: बहात्तर. त्या दुष्काळात मामा चौदा वर्षांचे होते. बापाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले होते. कामावर मिळालेली सुकडी, रेशनवर आलेला लाल मिलो, त्याची भाकर थापताना फाटायची, हे सगळं त्यांना अजून सांगता येतं. "पण काम केलं आणि पैसे घेतले. तो रस्ता अजून आहे. पाझर तलाव अजून आहे. तुमच्या पंधराशेतून गावात काय उभं राहिलं?"

हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ साली छोट्या प्रमाणावर जे करून पाहिलं, त्याचा बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर विस्तार झाला, १९७७ मध्ये विधिमंडळानं त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देणं हे सरकारचं बंधन ठरलं, आणि पैसा उभा राहिला तो शहरातल्या पगारदारांच्या व्यवसायकरातून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये साक्री-शहाद्याच्या खडीवर मजुरी होऊन पोचत होते, आणि कारकुनाला त्याचा राग नव्हता, कारण समोर काम दिसत होतं. देशानं तीच कल्पना २००५ मध्ये उचलली. मदतीला समाजाची मान्यता मिळवून देण्याची अशी युक्ती महाराष्ट्राला नंतर पुन्हा साधलेली नाही. मामांच्या डोक्यात ती मान्यताच आहे. ते फक्त तिला कष्ट म्हणतात.

भाचीनं बहात्तर मोडून काढलं नाही. तिनं आजची रोहयो सांगितली. २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. काम मागितल्यावर ते निघेपर्यंत माणूस ऊसतोडीला निघून गेलेला असतो. निघालं तर मोबाइलवर हजेरीचा फोटो, नेटवर्क नसलं तर हजेरी नाही. आणि साठी उलटलेल्या, मणक्यानं बसलेल्या बाईनं खडी कशी फोडायची? "हात चालतात त्यांना काम द्या, मी कुठं नको म्हणते? पण ज्यांचे चालत नाहीत त्यांचं काय, ते बोला."

"त्यांना धान्य द्या. घर द्या. रोख पैसा नको. धान्य दारूत जात नाही."

"तांदूळ जातो की, मामा."

हे मामांनाही माहीत होतं. गल्लीत मोटारसायकलवर तराजू लावून रेशनचा तांदूळ विकत घेणारे फिरतात, ते कुणाला दिसत नाहीत? अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि २०२३ पासून तेही मोफत. पण कळण्याची भाकर खाणाऱ्या घरात तांदूळ किती शिजणार? ज्या मुलखात ज्वारी-बाजरी पिकते तिथं तांदूळ पाठवायचा आणि लोकांनी तो विकला की लोकांना नावं ठेवायची, हा प्रकार जुना आहे. तरीही धान्य हेच या सगळ्यातलं सगळ्यात भरवशाचं खातं आहे, हे भाचीनं कबूल केलं. निवडणूक असो-नसो, महिन्याचा शिधा येतो. साक्रीचा ऊसतोड मजूर बारडोलीकडे गेला तरी तिथल्या दुकानात त्याला त्याच्या वाट्याचं धान्य उचलता येतं. कार्ड राज्याबाहेर चालवण्याचा प्रयोग ऑगस्ट २०१९ मध्ये देशात ज्या दोन जोड्यांनी सुरू केला, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरात होती. खानदेशासाठी ही सोय सुरतेच्या गाडीइतकीच उपयोगाची.

अडतं ते अंगठ्यावर. पॉस मशीनवर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला तर धान्य. आयुष्यभर बोंडं वेचलेल्या बाईच्या बोटांची टोकं गुळगुळीत झालेली असतात. ती बोटाला खोबरेल लावते, पदराला पुसते, डावा अंगठा, उजवा अंगठा, मधलं बोट. दुकानदार म्हणतो, मावशी, उद्या या. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला, पंतप्रधान मनमोहनसिंग स्वतः तिथं आले होते. शहादा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. म्हणजे आधारची सुरुवात खानदेशातून झाली, आणि पंधरा वर्षांनीही इथल्या बाईला आपलं बोट आपलंच आहे हे मशीनला पटवून द्यावं लागतं.

घराच्या मुद्द्यावर मात्र भाची पुढे सरसावली, कारण या गाडीच्या दोन्ही टोकांना ती गोष्ट घडलेली आहे. जळगाव नगरपालिकेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीला झोपडपट्टीतल्या गरिबांसाठी घरकुलं बांधायला काढली. आकडा ११ हजारांवर घरांचा. हुडकोचं कर्ज, एकच ठेकेदार, आगाऊ रक्कम. उभी राहिली जेमतेम दीड हजार. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली, आणि खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जण दोषी ठरले. जैन यांना सात वर्षं कैद आणि १०० कोटींचा दंड सुनावला गेला. त्याविरुद्ध अपील उच्च न्यायालयात गेलं आणि जैन यांना जामीन मिळाला. हुडकोचे हप्ते महापालिका पुढे वर्षानुवर्षं फेडत राहिली, म्हणजे पर्यायानं जळगावचा घरपट्टी भरणारा माणूस.

"घर दिलं की मध्ये ठेकेदार येतो, मामा. पैसे खात्यावर दिले की निदान ठेकेदार तरी जातो."

"ठेकेदार गेला की दलाल येतो. सेतूबाहेर बसलेला."

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं. सेतूबाहेर ती स्वतःच कितीदा उभी राहिली होती.

पण घरांचीच गोष्ट पुढे न्यायची तर आता चित्र बदललं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये घर बांधणाऱ्याच्याच खात्यावर हप्त्याहप्त्यानं येतात. जोत्यापर्यंत आलं की फोटो, मग पुढचा हप्ता. रोहयोतून नव्वद दिवसांची मजुरी वेगळी, संडासाचे बारा हजार वेगळे. म्हणजे घर ही वस्तूच शेवटी रोख रक्कम झाली, आणि विटा आणायला, गवंड्याला सांगायला मालक स्वतः उभा राहू लागला. पैसे पुरत नाहीत, वाळू मिळत नाही, अर्धी घरं स्लॅबला येऊन थांबतात, हे सगळं आहेच. पण अकरा हजारांतून दीड हजार, असा हिशेब तिथं निघत नाही.

पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. मामांनी चहा घेतला, भाचीला भजी आणली आणि बसता बसता म्हणाले, "बरं, पैसे द्या. पण अट घाला. पोरं शाळेत पाठव, मग पैसे."

अशी अट घालून मोठी योजना चालवणारा देश म्हणजे ब्राझील. २००३ सालच्या तिथल्या 'बोल्सा फामिलिया'त पैसे शक्यतो आईच्या नावावर जायचे आणि मुलांची शाळेतली हजेरी, लसीकरण ही अट असायची. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशानं २०२३ मध्ये लाडली बहना काढली तेव्हा असली अट नव्हती. हजार रुपये, मग साडेबाराशे. रावेर तालुक्यातल्या ज्या बायकांचं माहेर बऱ्हाणपूरकडे, त्यांच्या भावजयांना पैसे वर्षभर आधी सुरू झाले. दिवाळीत माहेरी गेल्यावर हा विषय निघत नसेल तर नवल. जून २०२४ मध्ये मुंबईत लाडक्या बहिणीची घोषणा झाली तेव्हा या पट्ट्यात ती कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

"अट घाला," भाची म्हणाली, "पण ती तपासणार कोण? मीच. वजनं मी करते, पोषणाची माहिती मोबाइलवर मी भरते, मतदार याद्या मी करते. आता शाळेची हजेरीही माझ्याच गळ्यात. त्यापेक्षा बिनअटीचे बरे."

मामा हसले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "मला राग पैशांचा नाही. वेळेचा आहे. ऑगस्टमध्ये दोन हप्ते एकदम, तीन हजार, राखीच्या तोंडावर. नोव्हेंबरात मतदान."

ही खरी गोष्ट. २०२४ च्या विधानसभेत जळगाव जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा आणि धुळ्यातल्या पाचच्या पाच जागा महायुतीला मिळाल्या. सोळापैकी सोळा. त्यामागे एकटी योजना होती असं कुणी म्हणू नये, पण ती नव्हती असं तर कुणीच म्हणत नाही. जाहीरनाम्यात पंधराशेचे एकवीसशे होणार होते. २०२५ उजाडलं आणि कात्री निघाली. जूनपासून २६ लाख ३४ हजार खाती थांबवली. त्यात १४ हजारांवर पुरुष निघाले. त्याच वर्षी लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी वळवले गेले. सरकारचा युक्तिवाद असा की हे पैसे अनुसूचित जाती-जमातीच्या बहिणींनाच जातात. पण आदिवासी विकासाच्या पैशातून आश्रमशाळाही चालतात. शिरपूरच्या पावरा बाईच्या खात्यात पंधराशे पडणार आणि तिच्या पोराच्या शाळेच्या खात्यातून निघणार, हा हिशेब तिला कुणी सांगितलेला नाही.

"मग मी तेच म्हणतोय ना," मामा म्हणाले.

"तुम्ही फुकट म्हणताय, मामा. मी म्हणते, चुकीच्या माणसाला सोपं आणि खऱ्या माणसाला अवघड."

आणि तिनं आकडे सांगितले. ते तिला पाठ होते.

संजय गांधी निराधार योजना १९८० सालची, अंतुल्यांच्या वेळची. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, ज्यांना कुणी नाही अशांसाठी. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये. अट: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, तालुका समितीची मंजुरी, आणि दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सांगणारा हयातीचा दाखला. लाडकी बहीण: महिन्याला तेवढेच १,५०० रुपये. अट: कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखलाही नको.

रक्कम एकच. एका दारात २१ हजारांची चौकट, दुसऱ्या दारात अडीच लाखांची. शेजारीच रेशनचं तिसरं दार, तिथं खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. एकच बाई सकाळी गरीब, दुपारी फार गरीब आणि संध्याकाळी सुखवस्तू ठरू शकते. कुठल्या खिडकीपुढे उभी आहे त्यावर. आणि जिला कुणी नाही तिच्यावरच सगळ्यात जास्त कागद लादलेले. २०२५ च्या फेब्रुवारीत लाडक्या बहिणींच्या यादीतून २ लाख ३० हजार बायका वगळल्या, त्या श्रीमंत निघाल्या म्हणून नव्हे, तर त्यांना आधीच संजय गांधीचे पैसे मिळत होते म्हणून.

हा २१ हजारांचा आकडा इतका अरुंद आहे की सरकारची दुसरी योजनाच तो मोडते. २०२५-२६ मध्ये रोहयोची मजुरी ३१२ रुपये. विधवा बाईनं ६८ दिवस सरकारी कामावर घाम गाळला तर होतात २१,२१६. ती निराधार राहिली नाही. आणि तेव्हाच्या कायद्यानं तिला हमी दिली होती शंभर दिवसांची. मामांच्या रोजगार हमीत इमानानं राबलेली बाई भाचीच्या पेन्शनला नालायक ठरते. म्हणून मग तालुक्यातल्या सगळ्या निराधारांचं उत्पन्न दाखल्यावर नेमकं २१ हजार किंवा त्याच्या जरासं आतलं निघतं. तलाठ्याला ठाऊक असतं, तहसीलदाराला ठाऊक असतं, समितीला ठाऊक असतं. सगळे मिळून एक लहानसं खोटं लिहितात आणि त्या खोट्यावर ज्याची कलम चालते तो बाईला उपकार केल्यासारखा बघतो. दलालाला जागा मिळते ती इथंच. अट वाढवून ५० हजार केली तर तिजोरीवर बोजा पडेल, हे उत्तर तयार असतं. पण अडीच लाखांच्या दारानं कोट्यवधी बायका आत आल्या तेव्हा ते उत्तर कुणाला आठवलं नव्हतं.

दिल्लीचा हात तर आणखी आखडता. साठीच्या म्हाताऱ्याच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा २०० रुपये, विधवेच्या ३००. वरचं सगळं राज्य घालतं. दोनशे रुपये हा आकडा २००७ पासून तसाच आहे. तेव्हा एसटीला तिकीट काय होतं, हे मामांनी सांगायचा प्रयत्न केला, पण नेमकं आठवेना.

मुकटीच्या पुढे मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी वेगळंच काढलं. त्यांचा सालदार दिवाळीच्या आधी गेला. आखाजीला साल ठरलं होतं, अजून सहा महिने बाकी होते. पाण्याची मोटर बघायला गेला आणि छातीत कळ आली. वय चाळीसच्या आत, मागे बायको आणि दोन पोरं. "ती आता माझ्याकडेच निंदणी-वेचणी करते. तिला काही लावून दे की."

म्हणजे गाडीत बसल्यापासून मामांच्या मनात हे होतं.

भाचीनं पिशवीतून डायरी काढली. "कमावता माणूस गेला तर केंद्राचे २० हजार एकरकमी मिळतात, राष्ट्रीय कुटुंब लाभ. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव पाहिजे. ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची."

"तेव्हा तो शाळेत असेल."

"बापाचं नाव असेल तर बघू. नाही तर सोडा. आता पंधराशेचं. तिला लाडकी बहीण चालू होती का?"

"होती. दोन महिने झाले, म्हणते, येत नाहीत."

"केवायसी राहिली असेल. ३१ डिसेंबर शेवटची तारीख. त्यात नवऱ्याचा किंवा बापाचा आधार मागतात. नवरा गेला. बाप आहे?"

"बाप कधीच वारला. तिकडं मध्य प्रदेशात, सेंधव्याकडचा पावरा."

"मग दोघांचेही मृत्यूचे दाखले जोडावे लागतील. बापाचा आहे?"

मामांनी हात हलवला. सातपुड्यातल्या पाड्यावर म्हातारा मेला, त्याची नोंद कोण करतंय.

"मग संजय गांधी भरू. ते जास्त पक्कं. आज आहे, निवडणुकीनंतरही आहे, पंचेचाळीस वर्षं आहे. विधवा आहे, पोरं लहान आहेत. फक्त उत्पन्नाचा दाखला."

"किती म्हणालीस? एकवीस हजार?" मामांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. त्यांच्या घरी मजुरीची वही आहे, तारीखवार, अंगठ्यासह. अडीचशे रोजानं शंभर दिवस धरले तरी पंचवीस हजार होतात, आणि ती बाई शंभरावर दिवस भरणार होती. "तलाठी आमच्याकडेच येऊन विचारेल, हिला किती देता. मग मी काय सांगू? कमी देतो म्हणून?"

"खरं सांगितलंत तर अर्ज गेला."

"आणि खोटं सांगितलं तर मी मजुरी बुडवतो म्हणून गावभर होईल."

भाचीनं डायरी मिटली नाही. "म्हणून म्हणते, आधी बापाचा दाखला बघा. वर्ष उलटून गेलेलं असलं की थेट मिळत नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तहसीलदारांकडे अर्ज."

"कुठल्या? चोपड्याच्या?"

"जिथं वारला तिथल्या. सेंधव्याच्या."

फागणं आलं होतं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइलमध्ये नावं वर-खाली करू लागले. सेंधव्याच्या मंडीत त्यांच्या ओळखीचा एक कापसाचा व्यापारी होता, त्याचा मेहुणा तिकडच्या तहसीलमध्ये कारकून आहे असं त्यांना कधीतरी कळलं होतं. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. कापसाचा भाव विचारून झाल्यावर मामांनी बाईच्या बापाचं नाव सांगायला सुरुवात केली, आणि ते नाव आधारवर कसं लिहिलंय हे विचारायला भाचीकडे वळले.